दुसऱ्या खुर्चीतला आवाज

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, ऐनपूर, निंभोरा, तांदलवाडी या केळीच्या पट्ट्यात वाऱ्याचा वेग लोकांना आकड्यात ठाऊक असतो. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत केळीसाठी ताशी ४० किलोमीटर हा वाऱ्याचा उंबरठा आहे. त्याच्या वरचा वेग नोंदला गेला तर भरपाईची गोष्ट पुढे सरकते. मे-जूनच्या संध्याकाळी सातपुड्याच्या बाजूने धुळीचा पडदा उठला की निसवलेल्या बागेचा मालक घरात बसत नाही. घड भरत आलेला असतो, सगळा भार वरच्या टोकाला असतो आणि खालचं खोड नुसतं पाण्याने भरलेलं. बांधावर शेवरी किंवा गजराज गवत दाट लावलेलं असलं तर वारा थोडा चाळला जातो. एका वेगाने वाहणारा वारा बाग बऱ्याचदा सोसते, पानं फाटतात तेवढी. झोताचं तसं नाही. वारा एकदम चढतो, झाड कलतं. वारा एकदम पडतो, झाड उलट्या बाजूला येतं आणि कमरेत मोडतं.

विमानाच्या बाबतीतही वारा किती आहे यापेक्षा तो किती बदलतो, हे जास्त महत्त्वाचं असतं. एका मालवाहू विमानाच्या अपघाताचा अहवाल वाचताना मला हे पहिल्यांदा नीट कळलं. प्रवासी विमान पडलं की महिनाभर चर्चा चालते. मालवाहू विमान पडलं तर दोन माणसं गेल्याची छोटी बातमी येते आणि विषय मिटतो. ज्या गावातून रात्री केळीच्या गाड्या भरून दिल्लीच्या वाटेला लागतात, त्या गावाने तरी माल वाहणाऱ्या माणसाच्या मरणाकडे असं ओझरतं पाहू नये.

ही गोष्ट २३ मार्च २००९ची, सोमवार सकाळची. फेडेक्स कंपनीचं एमडी-११ जातीचं मालवाहू विमान चीनमधल्या ग्वांगझूहून टोकियोच्या नारिता विमानतळाकडे येत होतं. ग्वांगझूला कंपनीचं आशियातलं नवं मोठं केंद्र त्याच वर्षी फेब्रुवारीत सुरू झालं होतं. विमानात दोघंच होते, कॅप्टन आणि सहवैमानिक. मध्यरात्र उलटल्यावर निघालेलं हे उड्डाण. जगभरातली टपालाची आणि मालाची बरीचशी विमानं रात्री उडतात, कारण दिवसा दुकानं उघडण्याआधी माल पोचायला हवा.

नारिताची ती धावपट्टी ४,००० मीटर लांब आहे. आपल्या जळगावची सुमारे १,७०० मीटर. म्हणजे जागा कमी पडण्याचा प्रश्नच नव्हता. सकाळी पावणेसातच्या सुमाराला वारा होता २६ नॉट, म्हणजे ताशी ४८ किलोमीटर, आणि झोत ४० नॉटपर्यंत जात होते, म्हणजे ताशी ७४ किलोमीटर. रावेरच्या हिशेबाने ही बाग आडवी करणारी हवा. पण वारा जवळजवळ समोरून होता, थोडासा डावीकडून, आणि समोरचा वारा हा उतरणाऱ्या विमानाचा मित्र मानला जातो. त्यामुळे विमानाचा जमिनीच्या मानाने वेग कमी होतो आणि ते लवकर थांबतं. आधी उतरलेल्या विमानांनी मात्र खाली वाऱ्यात अचानक बदल होत असल्याचं कळवलं होतं आणि ते या दोघांपर्यंत पोचलंही होतं.

विमानाला आधार देते ती पंखांवरून जाणारी हवा. तिच्या मानाने विमानाचा वेग किती, यावर सगळं ठरतं. समोरून ४० नॉटचा झोत लागत असताना तो एकदम २० वर आला, तर चाळीस टनी असो की दोनशे टनी, त्या धडाला जमिनीच्या मानाने आपला वेग क्षणात वाढवता येत नाही. पंखांवरची हवा तेवढी कमी होते, आधार कमी होतो आणि विमान खाली बसतं. उंचावर असताना वैमानिक नाक आणि इंजिन सावरून हे भरून काढतो. जमिनीपासून पन्नास फुटांवर त्याला फार वेळ मिळत नाही.

शेवटच्या तीसेक फुटांत एक नाजूक काम असतं. खाली येण्याचा वेग मोडण्यासाठी नाक हळूच वर उचलायचं, म्हणजे मागची मोठी चाकं आधी आणि अलगद टेकतात. त्याला वैमानिक ‘फ्लेअर’ म्हणतात. नारिताला विमान सहवैमानिक चालवत होता. विमान वेगाने खाली येत होतं आणि फ्लेअर उशिरा झाला. उशीर भरून काढायला नाक जास्त उचललं गेलं, मग लगेच ते खाली दाबलं गेलं. चाकं आदळली आणि विमान उसळलं. उसळलेल्या विमानाचं नाक पुन्हा खाली दाबलं गेलं, त्यामुळे पुढचं चाक आधी टेकलं आणि विमान आणखी उंच उसळलं. तिसऱ्यांदा ते आलं ते सेकंदाला वीस फुटांहून जास्त वेगाने. डाव्या मुख्य चाकांवरून तो धक्का वर पंखात गेला, डावा पंख मोडला, इंधनाच्या टाक्या फुटल्या, आणि विमान डावीकडे पलटून आगीत सापडलं. पहिल्या टेकण्यापासून इथवर काही सेकंद गेले. दोघंही वाचले नाहीत. १९७८ मध्ये सुरू झालेल्या नारिता विमानतळावर विमान कोसळून माणसं जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

उसळलेल्या विमानात काय करायचं, हे पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं आहे. उसळी छोटी असेल तर नाक आहे तिथे धरून ठेवायचं आणि विमानाला आपोआप बसू द्यायचं. मोठी असेल तर इंजिनाला पूर्ण ताकद द्यायची आणि पुन्हा आकाशात निघून जायचं. नाक खाली दाबणं हे एकच काम करायचं नसतं. आणि माणसाचा हात नेमका तेच करतो, कारण जमिनीवर उतरायचंच, या एका इच्छेने तो हात तिथवर आलेला असतो.

जपानच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा अंतिम अहवाल २०१३ मध्ये आला. वैमानिकाने काय करायला नको होतं, एवढ्यावर तो थांबत नाही, म्हणून मला तो मोलाचा वाटतो. एमडी-११ हे विमान मुळात उतरवायला अवघड होतं. जुन्या डीसी-१० चं ते लांबवलेलं रूप. इंधन वाचावं म्हणून शेपटीचे आडवे पंख लहान केलेले, आणि उतरण्याचा वेग त्याच्या आकाराच्या इतर विमानांहून जास्त. अशी एकूण २०० विमानं बनली. त्यांतलं फेडेक्सचंच एक १९९७ मध्ये अमेरिकेतल्या न्यूअर्कला उतरताना उसळून उलटं झालं होतं. आतली पाचही माणसं वाचली. १९९९ मध्ये चायना एअरलाइन्सचं प्रवासी एमडी-११ हाँगकाँगला वादळात उतरताना पंख मोडून उलटलं, तिघे गेले. नारितानंतरच्या वर्षी, जुलै २०१० मध्ये, लुफ्तान्सा कार्गोचं विमान रियाधला उसळून मोडलं. दोन्ही वैमानिक बाहेर पडू शकले. चार शहरं, वेगवेगळे वैमानिक, आणि मोडण्याची तऱ्हा इतकी सारखी. न्यूअर्कनंतर अमेरिकेच्या तपास मंडळाने उसळलेलं विमान सावरण्याचं प्रशिक्षण वैमानिकांना द्यावं, असं सांगितलं होतं.

जपानी तपासनिसांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. त्या लांबलचक विमानात कॉकपिट चाकांच्या कितीतरी पुढे असतो. मागची चाकं जमिनीला टेकलेली आहेत की पुन्हा हवेत गेलीत, हे पुढे बसलेल्या माणसाला अंगाने नेमकं कळत नाही. म्हणून त्यांनी विमान बनवणाऱ्या कंपनीला सुचवलं की चाकं टेकली आहेत की नाहीत, हे डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल अशी सोय कॉकपिटमध्ये करण्याचा अभ्यास करावा. चाकांची रचना अशी असावी की तुटली तरी इंधनाची टाकी फुटू नये, असंही त्यांनी सांगितलं. माणूस चुकणार हे धरून यंत्र बांधा, असं म्हणणारा हा तपास आहे. आपल्याकडे एसटी दरीत गेली की पहिल्या तासातच ‘चालकाचा ताबा सुटला’ एवढं लिहून मोकळं होण्याची सवय आहे. रस्ता, वळण, कठडा, ब्रेक, ड्यूटीचे तास यांच्याकडे कुणी फिरकत नाही. त्या सवयीशी हा अहवाल ताडून पाहावा.

पण अहवालातल्या ज्या मुद्द्यापाशी मी थांबलो, तो दुसऱ्या खुर्चीचा. विमान सहवैमानिकाच्या हातात होतं. शेजारी वयाने, अनुभवाने, हुद्द्याने मोठा कॅप्टन बसला होता. पहिल्या उसळीनंतर विमान स्वतःच्या हातात घ्यायची किंवा ‘वर चल’ म्हणायची मुभा त्याला होती, किंबहुना ते त्याचंच काम होतं. ते घडलं नाही. मोठ्याने धाकट्याच्या हातातलं काम वेळेवर काढून घेतलं नाही, अशी ही बाजू.

याची उलटी बाजू आपल्या देशात घडली. तिथे धाकट्याने सांगितलं आणि मोठ्याने ऐकलं नाही.

७ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी एअर इंडिया एक्सप्रेसचं दुबईहून आलेलं बोइंग ७३७ कोझिकोडला पावसात उतरलं आणि धावपट्टी संपल्यावर खाली कोसळलं. करोनाच्या काळात परदेशात अडकलेल्यांना परत आणणाऱ्या ‘वंदे भारत’ मोहिमेतलं हे उड्डाण. आत १९० माणसं होती, २१ गेली. गेलेल्यांत दोन्ही वैमानिक होते. कॅप्टन होते विंग कमांडर (निवृत्त) दीपक वसंत साठे. नागपूरचं घर, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतलं शिक्षण, हवाई दलातली नोकरी, पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये चाचणी वैमानिक. मराठी घराघरात त्या दिवशी हळहळ होती, आणि ती रास्तच होती.

मालवाहू नसलं तरी हे उड्डाण इथे आणायचं कारण वारा. कोझिकोडला त्या वेळी साधारण १४ नॉटचा वारा होता, म्हणजे ताशी २६ किलोमीटर. एवढ्याने आपल्याकडे केळीचं खोड मोडत नाही. पण तो पाठीमागून होता. समोरच्या वाऱ्याने विमान लवकर थांबतं, पाठीच्या वाऱ्याने ते पुढे पुढे जात राहतं. कॅप्टननी आधी दुसऱ्या दिशेने उतरण्याचा प्रयत्न केला होता आणि तो सोडून ते वर गेले होते. त्यांच्या बाजूचा काच पुसणारा वायपर नीट चालत नव्हता. मग उलट्या टोकाने, म्हणजे धावपट्टी १० वर, ते आले. तिकडून उतरायचं म्हणजे वारा पाठीला. २,७०० मीटरच्या ओल्या धावपट्टीवर विमान सुमारे १,३५० मीटर आत गेल्यावर टेकलं. अर्धी धावपट्टी हवेतच संपली होती. डोंगरमाथा कापून केलेला तो विमानतळ. टोकाला सरळ उतार.

विमान अपघात तपास विभागाच्या अहवालाने संभाव्य कारण लिहिलं ते असं: स्थिर नसलेलं उतरणं चालूच ठेवलं गेलं आणि सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ म्हटल्यावरही विमान उतरवण्यात आलं. ‘गो-अराउंड’ म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं. विमान चालवत होते साठे, आणि तो शब्द शेजारच्या धाकट्या माणसाने उच्चारला होता. अहवालाने कंपनीची व्यवस्थाही दाखवली. कोझिकोडच्या तळावर कॅप्टन अगदी कमी होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण याच कॅप्टनकडे होतं. विमान दुसऱ्या शहरात उतरवलं असतं तर ते सकाळचं उड्डाण अडचणीत आलं असतं. एवढा अनुभवी, एवढा शिस्तीत वाढलेला माणूस अर्धी धावपट्टी संपल्यावरही उतरतो, तेव्हा त्याच्या खांद्यावर काय काय बसलेलं होतं, हे पाहायलाच हवं. अहवालात त्याचं नाव वाचून आदर कमी होत नाही. उलट इतका चांगला माणूस जिथे अडकला तिथे आपल्यातला कुणीही अडकेल, हे मान्य करावं लागतं.

त्याच्या दहा वर्षं आधी, २२ मे २०१० ला, याच कंपनीचं दुबईहूनच आलेलं विमान मंगळूरला धावपट्टी ओलांडून दरीत गेलं होतं. १५८ जण गेले, आठ वाचले. त्या चौकशीचे अध्यक्ष होते हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल (निवृत्त) भूषण गोखले. तिथेही सहवैमानिकाने एकदा नव्हे, तीनदा गो-अराउंड सुचवलं होतं. कॅप्टन प्रवासात झोपून उठलेले होते आणि झोपेचा अंमल पूर्ण उतरला नव्हता, असं चौकशीत निघालं. सावधगिरीचा आवाज दोन्ही वेळा त्याच खुर्चीतून आला होता.

अमेरिकेतल्या फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेने गो-अराउंडच्या निर्णयाचा मोठा अभ्यास केला आहे. जगात शंभरातली तीन-चार विमानं नियमात बसणार नाही अशा अस्थिर अवस्थेत धावपट्टीकडे येतात. वेग जास्त, उंची जास्त, किंवा इंजिन अगदी मंद चालणारं. अशा वेळी वर जावं हे प्रत्येक कंपनीच्या नियमपुस्तकात आहे. प्रत्यक्षात त्यांतली सत्त्याण्णव टक्के विमानं उतरतातच, आणि बहुतेक सुखरूप उतरतात. खरा धोका या सुखरूपपणात आहे असं मला वाटतं. नियम मोडून शंभर वेळा काही झालं नाही की तोच नियम होऊन बसतो. वर गेलं की इंधन जळतं, उशीर होतो, प्रवासी कुरकुरतात, आणि कंपन्या कागदावर ‘गो-अराउंडबद्दल जाब विचारला जाणार नाही’ असं लिहीत असल्या तरी वैमानिकाला आपल्या हातचं काम फसल्यासारखं वाटतं.

आता खान्देशाच्या आकाशाकडे येतो. २३ मार्च २०१२ रोजी जळगाव विमानतळाचं उद्घाटन इथल्याच लेकीने, तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केलं. आज तिथून छोटी प्रवासी विमानं जातात. २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी जे पाच विमानतळ निवडले, त्यांत जळगाव होतं. शिरपूरला प्रशिक्षण त्याआधीपासूनच चालू आहे. तापीकाठच्या शेतांवरून दोन जागांची विमानं घरघरत जातात, तेव्हा एका जागेवर विशीतला मुलगा किंवा मुलगी असते आणि शेजारी प्रशिक्षक.

१६ जुलै २०२१ रोजी शिरपूरचं असंच एक प्रशिक्षण विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्यात कोसळलं. प्रशिक्षक गेले, शिकणारी तरुणी जबर जखमी झाली. तिथवर रस्ता नव्हता. आदिवासी वस्तीतली माणसं धावली आणि त्यांनी तिला झोळी करून डोंगरातून खाली आणलं. तो अपघात उतरतानाचा नव्हता आणि त्याची कारणं इथल्या चर्चेशी जोडण्याचा माझा हेतू नाही. पण तेव्हापासून या छोट्या विमानांकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. आपल्या भागातली मुलं त्यांत बसतात. काहींच्या फीसाठी शेत गहाण पडतं.

या मुलांच्या वाट्याला जी गोष्ट सगळ्यात अवघड येणार आहे, ती आपणच त्यांना लहानपणापासून उलटी शिकवलेली असते. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये. सर म्हणतील ते बरोबर. घरात दादा-काका निर्णय घेत असताना धाकट्याने ‘थांबा’ म्हणायचं नसतं, शाळेत शिक्षकाच्या फळ्यावरची चूक दाखवायची नसते. ही मर्यादा घरात शोभते. पण तिच्यासकट मूल कॉकपिटमध्ये जाऊन बसतं, आणि एके दिवशी त्याला वीस वर्षं जास्त उडालेल्या माणसाला दोन सेकंदांत सांगायचं असतं की साहेब, हे बरोबर नाही, वर चला. नुसतं सांगून भागत नाही. एकदा सांगितलं, उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं, तरी काही झालं नाही. तर विमान स्वतःच्या हातात घ्यायचं असतं. जगातल्या बहुतेक विमानकंपन्या आज हे शिकवतात. त्यासाठी ठरलेली वाक्यं असतात, हुद्दा मध्ये येऊ नये म्हणून छोटी आणि रोखठोक ठेवलेली. सिम्युलेटरमध्ये कॅप्टन मुद्दाम गप्प बसतो, मुद्दाम चुकतो, आणि धाकटा कधी बोलतो हे पाहिलं जातं. मोठ्यालाही शिकवावं लागतं: ‘गो-अराउंड’ हा शब्द कुणीही उच्चारला की वाद घालायचा नाही.

जळगाव किंवा शिरपूरला प्रवेश घेताना आईवडील विचारतात: फी किती, उड्डाणाचे तास किती, परवाना किती महिन्यांत. हे विचारायलाच हवं, घरचा पैसा असतो. त्याच बैठकीत प्रशिक्षकाला आणखी एक प्रश्न विचारावा. धावपट्टी समोर आहे, वारा झोताझोताने येतो आहे, विमान तुम्ही चालवत आहात आणि शेजारून आमची पोरगी घाबऱ्या आवाजात म्हणाली, ‘सर, गो-अराउंड’, तर तुम्ही काय करता? प्रशिक्षक म्हणाले, ‘आधी इंजिनाला पूर्ण ताकद देतो, वर जातो, आणि ती बरोबर होती की चूक हे खाली उतरल्यावर चहा घेताना बोलतो’, तर तिथे फी भरायला हरकत नाही.